गुडघ्यात नेमकं दुखतं तरी काय?

सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्कॉट डाय नावाच्या अस्थिरोगतज्ज्ञाने १९९८ साली एक शोधनिबंध छापला. त्यातला डॉक्टरही तोच आणि रुग्णही तोच. आपल्या दोन्ही गुडघ्यांत दुर्बीण घाला, असं त्याने सहकाऱ्यांना सांगितलं, पण सांध्याच्या आत भूल द्यायची नाही ही अट घातली. दुर्बीण शिरते तिथली कातडी तेवढी बधिर केली, आतलं सगळं जागं ठेवलं. मग सहकारी धातूच्या काडीने आतला एकेक भाग दाबत गेले आणि डाय पडल्यापडल्या गुण देत गेला: किती दुखलं, शून्य ते चार, आणि कुठे दुखलं, नेमकं की मोघम.

सांध्याच्या आतलं पातळ अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी दाबली, तेव्हा तो कळवळला. कुठे दाबलंय हेही त्याला अचूक सांगता आलं. आतल्या स्नायुबंधांना मधोमध दाबलं तर फारसं नाही, पण ते हाडाला जोडलेले असतात तिथे चांगलीच कळ आली. आणि वाटीच्या मागची कूर्चा? दोन्ही गुडघ्यांत शून्य. वर आश्चर्य म्हणजे ती कूर्चा ठणठणीत नव्हती. मधला उंचवटा मऊ पडून बिघडायला लागला होता आणि मालकाला त्याची खबरच नव्हती.

आपल्याकडे गुडघा दुखायला लागला की घरातलं कुणीतरी निदान करून मोकळं होतं: ‘वंगण संपलंय’, ‘गॅप कमी झालीय’, ‘झीज झालीय’. या तिन्ही वाक्यांच्या मागे एकच चित्र आहे, जुन्या यंत्रासारखं घासून घासून निकामी झालेल्या भागाचं. घासला जाणारा भाग म्हणजे कूर्चा. आणि कूर्चेत मज्जातंतूच नसतात. तिला दुखणं शक्यच नाही.

या कूर्चेकडे जरा निरखून पाहण्यासारखं आहे. मांडीचं हाड आणि नडगी यांच्या टोकांवर दोन-चार मिलिमीटर जाडीचा हा पांढराशुभ्र थर असतो आणि बर्फावर बर्फ सरकतो त्याहूनही सहज तो स्वतःवर सरकतो. क्ष-किरणाच्या फोटोत तो दिसत नाही. डॉक्टर ज्याला ‘गॅप’ म्हणतात ती रिकामी जागा नसते, ती ही अदृश्य कूर्चाच असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. मग ती जगते कशी? तिचं बहुतांश वजन पाण्याचं. आपण पाऊल टाकतो तेव्हा तिच्यातलं पाणी दाबाखाली बाहेर जातं, पाऊल उचललं की सांध्यातल्या द्रवातून पोषण घेऊन परत आत शिरतं. तेव्हा चालणं हेच तिचं जेवण. मज्जारज्जूला इजा होऊन पाय निकामी झालेल्यांची कूर्चा पातळ होत जाते, हे मोजून सिद्ध झालं आहे. तिथे घासणं थांबलेलं असतं, तरीही.

कूर्चेचा सांगाडा कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा. तो केव्हा विणला जातो, हे शोधायला कोपनहेगनच्या संशोधकांना अणुबॉम्बची मदत झाली. १९५०च्या दशकात आणि १९६०च्या सुरुवातीला उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३च्या करारानंतर तो उतरत गेला. हवेतला कार्बन झाडांत, झाडांतला आपल्या ताटात. त्यामुळे शरीरातल्या कुठल्याही पेशीजालातला कार्बन मोजला की ते कोणत्या साली बनलं त्याचा अंदाज येतो. १९३५ ते १९९७ या काळात जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यांतली कूर्चा त्यांनी तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष छापला: वाढीच्या वयात विणलेलं कोलॅजन नंतर बदलतच नाही, अगदी संधिवात जडलेल्या गुडघ्यातसुद्धा. धाग्यांच्या मधले पाणी धरून ठेवणारे रेणू बदलत राहतात, पण मूळ वीण तीच. आज पंच्याहत्तरीत असलेल्या आजी जिना उतरताना ज्या विणीवर भार देतात, ती त्यांच्या शाळकरी वयातली आहे आणि तिच्यात त्या काळच्या चाचण्यांचा कार्बन अजून आहे. हे वाचल्यापासून मला ‘झिजली’ या तक्रारीपेक्षा ‘टिकली कशी’ याचंच नवल जास्त वाटतं.

दुखतं ते कूर्चेच्या शेजारीपाजारी. अस्तर सुजतं. कूर्चेखालच्या हाडात एमआरआयवर दिसणारे ओलसर डाग पडतात. २००१ साली बोस्टनच्या डेव्हिड फेल्सन यांच्या गटाला संधिवात असलेल्या दुखऱ्या गुडघ्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांत असे डाग सापडले, न दुखणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांत. आता हेच आकडे उलट बाजूने वाचा: दर दहा न दुखणाऱ्या गुडघ्यांतल्या तिघांतही डाग होतेच.

हा उलटा हिशेब बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावाने फार मोठ्या प्रमाणात मांडून दाखवला. तिथे पन्नाशीपुढच्या लोकांचे एमआरआय काढले, गुडघा दुखतो की नाही हे न पाहता. ज्यांची मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली अर्धचंद्राकृती चकती, फाटलेली दिसली त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात काही दुखलंच नव्हतं. आणखी एका पाहणीत क्ष-किरणात स्वच्छ दिसणाऱ्या गुडघ्यांचे ७१० एमआरआय तपासले. ८९ टक्क्यांत काही ना काही बिघाड निघाला, आणि दुखणाऱ्या-न दुखणाऱ्यांत फरक अगदी थोडा. एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन गुगल करत बसलेल्या प्रत्येकाला हे आकडे कुणीतरी आधी सांगायला हवेत.

मग दुर्बिणीने आत शिरून फाटकंतुटकं साफ करण्याच्या शस्त्रक्रियेने लाखोंना बरं कसं वाटायचं? ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या ब्रूस मोझली यांनाही हा प्रश्न पडला. हे गृहस्थ ह्यूस्टन रॉकेट्स या बास्केटबॉल संघाचे डॉक्टर, म्हणजे दुर्बीण हातात धरणाऱ्यांतले पक्के. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्ण घेतले. काहींचा सांधा पाण्याने धुतला, काहींचा खरवडून साफ केला आणि उरलेल्यांवर खोटी शस्त्रक्रिया केली.

खोटी म्हणजे किती खोटी? शस्त्रक्रियागृहात पाकीट फोडल्यावर कुणाच्या वाट्याला काय आलं ते कळायचं. खोटी निघाली तर रुग्णाला गुंगी द्यायची, कातडीवर सेंटिमीटरभराचे तीन छेद घ्यायचे, डॉक्टरांनी एकेक हत्यार मोठ्याने मागायचं, गुडघा हलवायचा आणि धुण्याचा आवाज यावा म्हणून पाणी उडवायचं. रात्रभर दवाखान्यात ठेवून टाके घातलेला गुडघा घेऊन रुग्ण घरी. आपल्याला फक्त लुटुपुटूची शस्त्रक्रिया मिळू शकते, हे प्रत्येकाने आधी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. विचारलेल्यांपैकी ४४ टक्क्यांनी नकार दिला, आणि त्यांना दोष कोण देईल!

दोन वर्षं पाठपुरावा झाला. तिन्ही गटांतल्या लोकांना कमीअधिक आराम वाटला, पण खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन्ही गट खोट्या शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा कधीच सरस ठरले नाहीत. २००२ साली हे छापून आलं आणि अस्थिरोगतज्ज्ञांत मोठी खळबळ माजली. ‘माजी सैनिक वेगळे, संधिवात वेगळा, फाटलेली मेनिस्कस वेगळी’ असे आक्षेप आले. २०१३ साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी झिजून फाटलेली मेनिस्कस असलेल्या, पण संधिवात नसलेल्या १४६ जणांवर तसाच प्रयोग केला. उत्तर तेच.

वेदनाच मारून टाकली तर? हाही प्रयोग झाला आणि तो सगळ्यांत विलक्षण. मज्जातंतूंची वाढ घडवणाऱ्या एका रेणूचा शोध रीता लेव्ही-मोंटाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी लावला, १९८६ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हाच रेणू सुजलेल्या सांध्यात वेदनेच्या तंतूंना हुळहुळं करतो. त्याला अडवणारं टॅनेझुमॅब हे इंजेक्शन तयार झालं. २०१० सालच्या चाचणीत गुडघेदुखी निम्म्याच्या आसपास उतरली. इतका गुण क्वचितच कुठल्या औषधाला येतो. आणि मग काही रुग्णांचे सांधे झपाट्याने ढासळू लागले, आधी धड असलेले सांधेसुद्धा. अमेरिकी औषध प्रशासनाने चाचण्या थांबवल्या, पुढे कमी मात्रेत त्या पुन्हा सुरू झाल्या, पण २०२१ साली कंपन्यांनी औषधाचा नाद सोडला. वेदना सांध्याची राखणही करत असते, याचा इतका महागडा पुरावा दुसरा नसेल.

दोष म्हातारपणाचा, असं म्हणावं तर हार्वर्डच्या इयन वॉलेस आणि डॅनियल लिबरमन यांचे सांगाडे आडवे येतात. त्यांच्या गटाने अमेरिकेतले पन्नाशीपुढच्या माणसांचे अडीच हजारांवर सांगाडे पाहिले. कूर्चा पूर्ण गेली की हाडावर हाड घासून तिथे हस्तिदंतासारखी चकाकी येते, ती शोधली. प्रागैतिहासिक शिकारी आणि शेतकऱ्यांत ती ८ टक्क्यांना होती. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शहरी गरिबांत ६ टक्क्यांना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या माणसांत १६. वय आणि वजन यांचा हिशेब वजा केल्यावरही प्रमाण दुपटीहून जास्तच राहिलं. दिवसभर राबणाऱ्यांचे गुडघे शाबूत आणि खुर्चीत बसणाऱ्यांचे चकाकणारे!

अर्थात राबण्याच्याही तऱ्हा असतात. बीजिंगमधल्या साठीपुढच्या बायकांत गुडघ्याचा संधिवात फ्रेमिंगहॅमच्या बायकांपेक्षा जास्त निघाला, खुब्याचा मात्र कितीतरी कमी. संशोधकांनी तिथल्या लोकांना विचारलं, पंचविशीत रोज किती वेळ उकिडवे बसायचात? जितके तास जास्त, तितका गुडघ्याचा धोका जास्त. आपल्याकडे, पुण्याच्या अरविंद चोपडा यांच्या गटाने १९९६ साली भिगवणमध्ये घरोघर पाहणी केली (फ्लेमिंगो बघायला जातो तेच भिगवण). चार हजारांवर प्रौढांपैकी १८ टक्क्यांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. आमवात अर्ध्या टक्क्याला, झिजेचा संधिवात त्याच्या दहापटीहून जास्त लोकांना.

इलाजांत चमकदार काही नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या २००६ साली १५८३ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत एकंदरीत औषध नसलेल्या साध्या गोळीपुढे गेल्या नाहीत. तिथे साध्या गोळीनेच ६० टक्क्यांना बरं वाटलं होतं. दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दोन वर्षं दिलं, तर दुखणं कमी झालं नाही आणि कूर्चा मात्र जास्त पातळ झाली. टिकून राहिलेत ते दोन कंटाळवाणे इलाज: मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं. नॉर्थ कॅरोलायनातल्या मोजमापांत दिसलं की वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. २०२४ साली सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनची चाचणी ४०७ स्थूल रुग्णांवर झाली. ६८ आठवड्यांत वजन १३.७ टक्के उतरलं आणि गुडघेदुखीही साध्या इंजेक्शनच्या तुलनेत पुष्कळच उतरली. मात्र सगळं भारावर ढकलता येत नाही. स्थूल माणसांत हाताच्या बोटांचाही संधिवात जास्त आढळतो, आणि बोटांवर कुणी चालत नाही. चरबीतून पाझरणारी रसायनं सांध्यांना सुजवत असावीत.

शेवटचा उपाय म्हणजे सांधाच बदलणं. आजच्या कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली बसवला गेला. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर भारतात जन्मलेले चित्तरंजन राणावत होते. २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडीत अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली ती याच राणावतांनी, आणि ‘वाटी बदलणं’ आपल्या घराघरांत बोललं जाऊ लागलं. २०१७ साली सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली.

बहुतेकांना नव्या सांध्याने खरोखर सुख मिळतं. तरी पाचातल्या सुमारे एकाचं दुखणं जात नाही, कूर्चा, मेनिस्कस, डागाळलेलं हाड सगळं काढून धातू-प्लास्टिक बसवल्यावरही. वर्षानुवर्षं कळा पोचवून पोचवून त्यांच्यातल्या काहींचे मज्जारज्जू आणि मेंदूच हुळहुळे झालेले असावेत. अशा रुग्णांचा आधीच अंदाज यावा म्हणून ब्रिस्टलच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेआधी एका उपकरणाने दाब देऊन तो कितपत सोसवतो ते मोजलं. ज्यांना थोड्याच दाबाने दुखलं, त्यांचा नवा गुडघा वर्षानंतर जास्त दुखत होता. हा दाब त्यांनी दिला होता कोपराच्या खाली, हातावर.