भिलाईची भट्टी आणि व्हिएतनामचे रण

भिलाईचा सेक्टर ६ म्हणजे पोलाद कारखान्याच्या कामगारांसाठी वसवलेल्या नगरीचा एक भाग. व्हिएतनाम येथून हजारो किलोमीटर दूर. तरीही या कारखान्याचा जन्म आणि व्हिएतनामचा संहार यांच्यामागे चढाओढ एकच होती: अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांची.

भिलाईसाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत-सोव्हिएत करार झाला. अडीच टक्के व्याज आणि फेडीसाठी बारा वार्षिक हप्ते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. ही मदत निव्वळ परोपकार नव्हती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची मने जिंकण्याचा तो मार्ग होता. याउलट सरकारी मालकीच्या बोकारो कारखान्याला पैसा देण्यास अमेरिकेच्या संसदेत विरोध झाला. अखेर १९६३ मध्ये भारताने विनंती मागे घेतली आणि बोकारोलाही सोव्हिएत मदत मिळाली.

मग हीच अमेरिका व्हिएतनाममध्ये इतकी खोल का रुतली? १९४९ मध्ये चीन साम्यवादी झाला. पुढच्याच वर्षी कोरियात युद्ध पेटले. एक देश पडला की शेजारचे देशही पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळतील, अशी भीती राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५४ मध्ये बोलून दाखवली. शिवाय माघार घेतली तर मित्रराष्ट्रांत पत जाईल आणि घरच्या निवडणुकीत भित्रेपणाचा ठपका बसेल, हा धाकही होताच. हो चि मिन्ह यांच्या अनुयायांना हा लढा फ्रेंचांविरुद्ध सुरू झालेल्या स्वातंत्र्यलढ्याचाच पुढचा टप्पा वाटत होता. वॉशिंग्टनला मात्र त्यात फक्त लाल झेंडा दिसला.

१९६९ मध्ये तेथे पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकी मेले. व्हिएतनामी मृतांची संख्या तर कित्येक लाखांत आहे. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. लाओस आणि कंबोडियातही साम्यवादी सत्तेवर आले, पण थायलंड आणि मलेशिया उभेच राहिले. १९७९ मध्ये तर साम्यवादी चीन आणि साम्यवादी व्हिएतनाम एकमेकांशीच लढले!

शहाणपण दुसऱ्या गोटातही नव्हते. त्याच वर्षी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि १९८९ मध्ये हात हलवत परतल्या.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. भिलाईत मात्र भारतीय रेल्वेसाठी रूळ तयार होतच राहिले.