श्वासाचा रुग्ण आणि पोटातील दुखणे

श्वासविकाराने दाखल झालेल्या रुग्णाने पोट दुखत असल्याचे सांगितले, की ‘औषधांनी पित्त झाले असेल’ अशी घरची मंडळी त्याची समजूत घालतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही थोड्या रुग्णांत हे दुखणे स्वादुपिंडाच्या दाहाचे असते. त्याविषयीची माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर ठेवीत आहोत.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली ग्रंथी. तिचे पाचकरस आतड्यात पोचल्यावर कार्यक्षम व्हावयाचे असतात. ग्रंथीतच कार्यक्षम झाल्यास ते तिलाच इजा करतात. पित्ताशयातील खडे व मद्यपान ही या दाहाची प्रमुख कारणे होत. विषाणू हे विरळ कारण असले, तरी गालगुंडाचे उदाहरण जुने आहे. कोविडच्या रुग्णांतही असा दाह आढळला. मात्र तो थेट विषाणूमुळे होतो की प्राणवायू व रक्तपुरवठा कमी पडल्याने, हे निर्विवाद ठरलेले नाही.

2021 च्या जून-जुलैत राज्यात इतरत्र कोविडची दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापूर जिल्ह्यात रुग्णसंख्या मोठीच राहिली होती. विषाणुजन्य न्यूमोनियाचा धोका सीओपीडीच्या रुग्णांना अधिक असतो. विडी-सिगारेटप्रमाणेच चुलीच्या धुरानेही हा विकार जडतो. म्हणून कधीही विडी न ओढलेल्या आपल्या माताभगिनीही त्यातून सुटत नाहीत.

अशा फुप्फुसांत राखीव बळ उरलेले नसते. पोटदुखीमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकणे टाळतो व कफ आतच साचतो. फुगलेले पोट श्वासपटलाला वर रेटते. दाहातून रक्तात मिसळणारे घटक फुप्फुसांनाही सुजवितात. असे हे दोन आजार एकमेकांना बळ देतात.

पोटाच्या वरच्या भागात, बहुधा पाठीकडे जाणारी तीव्र वेदना. रक्तातील लायपेज वा अमायलेज कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक. आणि सोनोग्राफी वा सीटी स्कॅनमधील खूण, या तिहींपैकी दोन गोष्टी जुळल्यास निदान होते. केवळ लायपेज थोडे वाढले म्हणून घाबरू नये; गंभीर आजारात ते अन्य कारणांनीही वाढते. उलट, फुप्फुसाच्या तळाशी झालेल्या न्यूमोनियानेही पोट दुखू शकते.

उपचार हा तोल सांभाळण्याचा भाग आहे. सलाइन हवे, पण जादा झाल्यास फुप्फुसांवर भार येतो. वेदनाशामक हवे, पण काही तीव्र वेदनाशामकांनी श्वास मंदावतो. स्टेरॉइडने श्वास सुधारला, तरी रक्तातील साखर वाढते. म्हणूनच रात्रंदिवस चालणारी प्रयोगशाळा आणि रुग्णाजवळ जागणारी परिचारिका यांचे मोल आम्ही यंत्रांइतकेच मानतो. देणगीदारांच्या साहाय्याचा अर्थ आम्हांस येथे उमगतो.

नातेवाइकांना विनंती एवढीच : श्वासाच्या रुग्णाचे पोट सतत दुखत असेल, उलट्या होत असतील, तर घरच्या घरी पित्ताची गोळी देऊन वाट पाहू नये, डॉक्टरांना त्वरित सांगावे. फ्लू व न्यूमोनियाच्या लसींविषयीही त्यांचा सल्ला घ्यावा.