चिनी कोरीव लांकूडकाम : त्याचें मर्म आणि निगा

जालना १९४८ पर्यंत ज्या संस्थानांत मोडत होतें, त्याची राजधानी हैदराबाद. तेथील सालारजंग संग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजीं खुलें झालें. मीर यूसुफ अली खान, तिसरे सालारजंग (१८८९–१९४९), यांनीं जमविलेल्या त्या संग्रहांत चिनी लांकूडकाम व जडावकामहि आहे. असें काम पाहतांना दृष्टि नक्षीवर खिळते. सांध्यांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वास्तविक या वस्तूंचें आयुष्य सांध्यांवरच अवलंबून असतें.

मिंग व चिंग राजवटींत उंची सामानासाठीं दोन लांकडें विशेष नांवाजलीं गेलीं. एक हैनान बेटांतील पिवळसर ‘हुआंगहुआली’ आणि दुसरें गर्द जांभळट ‘झितान’. आजच्या वर्गीकरणाप्रमाणें झितान म्हणजे आपलें रक्तचंदनच. दक्षिण आंध्रांतील डोंगर हें त्या वृक्षाचें मूळ स्थान. हें लांकूड इतकें घट्ट, कीं पाण्यांत टाकल्यास बहुधा बुडतें आणि त्यावर बारीक रेघहि स्पष्ट उठते.

लांकूड पावसाळ्यांत आडव्या अंगानें फुगतें व उन्हाळ्यांत आक्रसतें; लांबींत मात्र तें फारसें बदलत नाहीं. हें जाणून चिनी सुतारानें चौकटीच्या आंतील कडेस खांच ठेविली आणि मधली फळी तींत सैल बसविली. चौकटीचे कोपरे कुसू व भोक यांनीं सांधले. खिळ्यांची गरज ठेविली नाहीं. वैशाखांत जालन्यासारख्या गांवची हवा शुष्क होते, श्रावणांत ओलसर. अशा वेळीं फळी खांचेंतल्या खांचेंत सरकते, म्हणून तडकत नाहीं.

घडीच्या पडदीस चिनी भाषेंत ‘फिंगफंग’ म्हणतात. वारा अडविणारी, असा त्याचा अर्थ. ‘कोरोमांडल’ नांवाच्या प्रसिद्ध पडद्या सतराव्या शतकांत चीनमध्येंच तयार होऊं लागल्या; पुष्कळ पडद्यांस बारा पाखे असत. लांकडावर मातीचा लेप, त्यावर वृक्षाच्या चिकाचें काळें रोगण, मग नक्षी कोरून तींत रंग, अशी त्यांची रीत. चोलमंडल किनाऱ्यावरील बंदरांतून त्या युरोपांत गेल्या, म्हणून त्यांस हें नांव पडलें.

अशी जुनी वस्तु घरीं असल्यास दुरुस्ती करवितांना विशेष जपावें. सैल फळी पाहून सुतार ती बिघडली असें समजतो आणि सरस लावून किंवा खिळे ठोकून पक्की करतो. पुढच्याच उन्हाळ्यांत तिला चीर जाते. कांचकागदानें घासल्यास वर्षानुवर्षांच्या हाताळणीनें आलेली झळाळी कायमची नाहींशी होते. कोरडें मऊ फडकें आणि खिडकीच्या उन्हापासून अंतर, एवढी निगा पुरे. आपल्या जुन्या वाड्यांतील फळ्या बसविलेल्या सागवानी दारांसहि हाच नियम लागू पडतो.