एका छिद्राचे झाकण दुसऱ्याला चालते का?

वणी परिसरातल्या अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. एखाद्या मुलाच्या छातीत वेगळा आवाज येतो, पुढे टू-डी इकोत हृदयाला छिद्र निघते. नागपूरसारख्या शहरातले डॉक्टर सांगतात, "छाती उघडायला नको, जांघेतून नळी घालून डिव्हाइस बसवू. पण हे डिव्हाइस मुळात या छिद्रासाठी बनवलेले नाही." शेवटच्या वाक्याने आईबापांच्या पोटात गोळा येतो.

यालाच 'ऑफ-लेबल' वापर म्हणतात. तो बेकायदा नाही आणि दर वेळी प्रयोगही नसतो. डिव्हाइसला मंजुरी ठरावीक दोषासाठी मिळते. दुर्मिळ दोषाचे मात्र चाचणीपुरतेही रुग्ण जमत नाहीत, मग त्यासाठी वेगळे डिव्हाइस कोण बनवणार?

महारोहिणीच्या मुळाशी आलेला फुगवटा फुटून रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला शिरण्याचा आजार घ्या. पाश्चात्त्यांपेक्षा आशियाई लोकांत तो जास्त आढळतो. १९९४ मध्ये तो प्रथम नळीवाटे बंद केल्याची नोंद झाली. आज त्यासाठी बहुधा पीडीएचे, म्हणजे जन्मानंतर न मिटलेल्या रक्तवाहिनीचे, डिव्हाइस वापरतात. निकेल-टायटॅनियमच्या तारांची ही जाळी नळीत घडी होऊन जाते आणि बाहेर पडताच बाटलीच्या बुचासारखा मूळ आकार घेते. जागा चुकली तर सोडण्याआधी परत ओढता येते. ही सोय मोठी.

खालच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्राची गोष्ट तर उलटीच. खास त्याच्यासाठी बनवलेल्या सुरुवातीच्या डिव्हाइसने काही मुलांच्या हृदयाची विद्युतवाहिनी दाबली जाऊन ठोके मंदावले, पेसमेकर बसवावा लागला. पुढे अनेक डॉक्टर पीडीएच्या मऊ डिव्हाइसकडे वळले. लेबल म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे.

धोके मात्र आहेतच: डिव्हाइस सरकणे, शेजारच्या झडपेला घासणे, कडेने गळती राहणे. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा. शस्त्रक्रियेपेक्षा हे बरे का? अशा किती केसेस तुम्ही केल्या? डिव्हाइस सरकले तर इथेच हृदयशस्त्रक्रिया होईल का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा खर्च बसतो का? निकेलची ॲलर्जी असल्यास आधीच सांगा.

घरी आल्यावर साधारण सहा महिने ॲस्पिरिनसारखी गोळी चालते; ती मनाने बंद करू नका. या काळात दात काढायचा झाल्यास दंतवैद्याला डिव्हाइसची कल्पना द्या. चक्कर आली, नाडी मंद लागली किंवा लघवी लालसर-काळी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.