तोल सांभाळणाऱ्या सहा वाटा

साताऱ्यातील अजिंक्यताऱ्याची चढण असो वा सांगलीतील कृष्णाघाटाच्या पायऱ्या, पाऊल नेमके कोठे टाकावे याचा विचार चालणारा माणूस सहसा करीत नाही. तो भार डोक्याच्या मागच्या भागातील लहान मेंदू, म्हणजेच निमस्तिष्क, वाहत असतो.

लहान मेंदू मस्तिष्कस्तंभाला मज्जातंतूंच्या जाड जुडग्यांनी जोडलेला असतो. त्यांना वृंत म्हणतात. प्रत्येक बाजूस तीन, असे ते एकूण सहा. खालचा वृंत पाय, सांधे आणि अंतर्कर्ण यांची खबर प्रामुख्याने लंबमज्जेमार्गे आणतो. मधला सर्वांत जाड. मोठ्या मेंदूने योजलेली हालचाल तो कळवितो. या दोहोंचा मेळ घालून लहान मेंदू जी दुरुस्ती सुचवितो, ती मुख्यतः वरच्या वृंतातून पुढे जाते. ओल्या पायरीवर पाऊल सावरते ते या देवाणघेवाणीच्या आधारानेच.

रक्तपुरवठा खंडित होऊन या वाटांना इजा झाली, तर अंगात बळ असूनही हालचालींचा ताल राहत नाही. चाल झिंगल्यासारखी होते, पेला तोंडाशी नेताना हात थरथरतो, बोलणे जड होते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे ही पक्षाघाताची परिचित लक्षणे येथे नसूही शकतात. म्हणूनच अचानक आलेली भोवळ, ओकारी आणि उभे न राहता येणे यांना ‘पित्त झाले’ समजून घरीच उपचार होतात आणि मोलाचे तास वाया जातात.

गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पाटणहून कराड किंवा जतहून मिरज गाठण्यातच त्यातील बराच वेळ जातो. यास्तव तत्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा, लक्षणे सुरू झाल्याची वेळ टिपून ठेवावी. ठसका लागण्याचा धोका असल्याने रुग्णास पाणी, अन्न वा गोळी देऊ नये. ओकारी होत असल्यास कुशीवर निजवावे. पहिला सीटी स्कॅन निर्दोष आला, तरी रुग्णास चालता येत नसल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. या भागातील इजा एमआरआयमध्ये अधिक चांगली दिसते.

पुढील काळात नियमित फिजिओथेरपी, रक्तदाब व साखरेवर नियंत्रण, न्हाणीघरात आधाराचा कठडा आणि रात्री मंद दिवा यांचा मोठा उपयोग होतो. शुश्रूषा करणाऱ्यांनी ‘नीट चाला’ असे बजावण्याऐवजी शेजारी उभे राहून हात द्यावा. अडखळणारे पाऊल हा रुग्णाचा निष्काळजीपणा नसतो. त्याच्या पावलाला वाट दाखविणारा निरोपच अर्ध्यावर थांबलेला असतो.