तबकडी पुन्हा निघते तेव्हा काय परत येतं?

पंकच्या काळातल्या जुन्या रेकॉर्ड आता पुन्हा विनाइलवर निघतात. अशा वेळी नेमकं काय परत येतं, हा आजचा प्रश्न.

उदाहरण म्हणून आपण पूर्व लंडनचा कवी-गायक पॅट्रिक फिट्झजेराल्ड घेऊ. त्याची पहिली सात इंची रेकॉर्ड १९७७ची, 'सेफ्टी-पिन स्टक इन माय हार्ट'. पंक म्हणजे तीन-चार जण, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि कल्लोळ, असंच लोक समजत. हा मात्र एकटा उभा राहिला, साधी गिटार घेऊन. रेकॉर्ड काढली ती वॉल्थमस्टो भागातल्या 'स्मॉल वंडर' या रेकॉर्डच्या दुकानानं. दुकानदारच प्रकाशक! मोठ्या कंपनीची परवानगी लागत नाही, हेच त्यातून लोकांना कळलं.

आता अशा रेकॉर्डमध्ये 'मूळ' कोणतं? नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञानं १९६८च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात एक भेद केला. चित्राची हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच. कवितेचं तसं नाही. शब्द बरोबर उतरवले की प्रत्येक प्रत ही तीच कविता. मग रेकॉर्ड कुठे बसते? आम्हाला वाटतं, ती गुडमननं चर्चिलेल्या एचिंगच्या जवळ आहे. तिथे धातूचा पत्रा एक असतो, पण त्यावरून काढलेला प्रत्येक ठसा अस्सल मानला जातो.

रेकॉर्डचंही साधारण असंच. टेपवरचा आवाज मऊ लॅकरच्या तबकडीवर खाचांच्या रूपात कोरतात, तिच्यावरून धातूचे साचे बनवतात आणि साच्यात विनाइल दाबतात. दुकानात आलेली 'पहिली' प्रतसुद्धा अशी पाचव्या-सहाव्या हातची असते. पुष्कळ वर्षांनी साचे झिजलेले किंवा हरवलेले असतात. मग टेपवरून खाचा नव्यानं कोराव्या लागतात. टेपही नसेल तर एखादी चांगली जुनी प्रत वाजवून तिच्यावरून. म्हणजे नव्या रेकॉर्डमध्ये कोणीतरी नवे निर्णय घेतलेले असतातच. खरखर काढायची का? आवाज उजळ करायचा का? बँडच्या गदारोळात असे फेरफार खपून जातात. एकटा माणूस आणि एक गिटार असेल तर लपायला जागाच नाही. खरखरीबरोबर श्वास पुसला गेला, की माणूसही थोडा पुसला जातो.

पण हे झालं आवाजाचं. दुसरी गोष्ट किमतीची, आणि आमच्या मते खरी मेख तिथेच आहे. याच दुकानानं १९७८मध्ये 'क्रॅस' या गटाची पहिली रेकॉर्ड काढली. पुढे क्रॅसनं स्वतःचं लेबल काढलं आणि वेष्टनावर छापायला सुरुवात केली, की यापेक्षा जास्त पैसे देऊ नका. वेष्टनावरची किंमत हा त्यांच्या म्हणण्याचाच भाग होता. मग तशाच वातावरणातली, खिशात चार पैसे असलेल्या पोरांसाठी निघालेली रेकॉर्ड आज रंगीत विनाइलवर, मोजक्या क्रमांकित प्रतींत, कपाटात ठेवायला निघाली, तर खाचा जुळतील, पण गोष्ट जुळणार नाही.

तुम्ही म्हणाल, आज विनाइल स्वस्त नाही, कारखाने थोडे आहेत. खरं आहे. शिवाय कवी हयात असेल तर त्याच्या हातात पैसे पडावेत, हेही न्याय्यच. म्हणून पुनर्प्रकाशनच वाईट, असं आम्ही म्हणत नाही. उलट, ते झालं नाही तर जुन्या प्रती संग्राहकांकडेच राहतात आणि त्यांची किंमत वाढत जाते. आमचं म्हणणं एवढंच, की अस्सलपणाची कसोटी फक्त जुन्या प्रतीशी साम्य ही नव्हे. ती रेकॉर्ड आज कोणाच्या हातात पडते, हेही बघायला हवं. एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीनं ती विकत घेतली, ऐकली आणि 'हे तर मीही करीन' म्हणाली, तर १९७७ची रेकॉर्ड खऱ्या अर्थानं पुन्हा निघाली. कपाटात सीलबंद राहिली, तर फक्त विनाइल निघालं.