खचतं, म्हणून साठतं

चंद्रपूरचा कोळसा आणि मुंबई हायचं तेल, दोन्हींच्या मुळाशी एकच घडामोड आहे: जमिनीचं खचणं. भूकवच ताणलं गेलं की पातळ होतं, त्याला समांतर भेगा पडतात आणि मधला पट्टा खाली सरकतो. भूशास्त्रात अशा खचलेल्या पट्ट्याला खचदरी म्हणतात.

चंद्रपूर ज्यात येतं त्या प्राणहिता-गोदावरीच्या पट्ट्यात हे खचणं सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं. खचलेल्या भागात नद्या शिरल्या, दलदलीतली झाडं गाळाखाली गाडली गेली आणि दाब व उष्णतेनं त्यांचा कोळसा झाला. नुसता खड्डा असता तर तो केव्हाच भरून गेला असता. पण गाळाच्या ओझ्यानं तळ आणखी दबतो आणि नव्या गाळाला जागा होते. म्हणूनच उथळ पाण्यात साचलेल्या थरांची जाडीही काही किलोमीटर भरू शकते.

समुद्रात आणखी एका कारणाची भर पडते. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, सेशल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटू लागला. ताणलेला, तापलेला किनारा थंड होताना आकसून जड झाला आणि सावकाश खाली बसत गेला. थिजलेल्या लाव्हाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, तळावर चिखल आणि चुनखडीचे थर चढले. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगनं मुंबई हायवर, म्हणजे मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, विहीर खोदली, तेव्हा तेलाचा मोठा साठा लागला तो याच चुनखडीत.

गंगेच्या मैदानाची तऱ्हा निराळी. तिथं ताण नाही, भार आहे. हिमालयाच्या वजनानं भारतीय भूपट्टाची कड वाकली आणि त्या खळग्यात हिमालयाचीच झीज आजही येऊन पडते आहे.